न फोडलेले शब्द

सोमवार, २ तारीख

ऑफिसात लचांड उभं राहिलं आहे, म्हणून बंद पडलेली डायरी पुन्हा उघडली. लिहिलं की माझं डोकं थंड राहतं. बोललं की राहत नाही.

आमच्या ऑफिसात शब्द फोडतात. सासूबाईंना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी "आणि त्याचा पगार देतात?" एवढंच विचारलं होतं. देतात. यंत्राला भाषा शिकवायची तर शब्द अख्खा गिळायला देऊन भागत नाही. त्याचे अर्थ असलेले लहानात लहान तुकडे करून द्यावे लागतात. पुस्तकांत त्यांना रूपिका म्हणतात, आम्ही सरळ तुकडे म्हणतो. 'बेइमानी' घेतला तर बे, इमान आणि ई. तिन्हींना आपापला अर्थ आहे. त्याहून बारीक चिरलं तर हातात नुसते आवाज उरतात.

प्रत्येक शब्द दोन माणसं फोडतात, वेगवेगळ्या खोल्यांत बसून, एकमेकांना काही न विचारता. जिथे शब्द फुटतो तिथे उभी रेघ मारायची. दोघांच्या रेघा जुळल्या तर शब्द पुढे जातो. नाही जुळल्या तर माझ्या टेबलावर येतो आणि मी निवाडा करते. अशा तीन जोड्या आहेत आणि त्यांच्या डोक्यावर मी.

आज वरच्या ऑफिसातल्या तपासनीस बाईंची मेल आली. तिसऱ्या जोडीच्या चुका जुळतात, असं त्यांचं म्हणणं. बरोबर उत्तरं जुळली तर नवल नाही, कारण बरोबर उत्तर एकच असतं. चुका मात्र ज्याच्या त्याच्या असतात. दोघांच्या चुका सारख्या निघाल्या तर एकाने दुसऱ्याची कॉपी केली आहे. कोणी केली ते पुढच्या सोमवारपर्यंत कळवा आणि त्याला काढा. शोधता आलं नाही तर दोघांनाही काढा.

तिसरी जोडी म्हणजे मफलर आणि पेन्सिलबाई. ही नावं मी डायरीपुरती ठेवली आहेत. मफलर पन्नाशीच्या पुढचा, मान धरलेली, म्हणून उन्हातही गळ्याला मफलर. स्वतःचं दुकान बुडाल्यावर इथे आला. पेन्सिलबाई त्याच्याहून पाच-सहा वर्षांनी लहान असावी. कॉम्प्युटरला हात लावत नाही, सगळं कागदावर पेन्सिलने करते. तिच्या नवऱ्याचा पाय अधू आहे आणि घर हिच्या पगारावर चालतं. दोघंही कामाला चोख. त्यांच्यातलं एक माणूस मला घरी पाठवायचं आहे. मला त्यात आनंद नाही, पण नियम मीच इतरांना शिकवते.

मंगळवार, ३ तारीख

दिवसभर दोघांवर नजर ठेवली. हाती काही लागलं नाही.

मफलर पुढच्या खोलीत बसतो, पेन्सिलबाई मागच्या. मध्ये हॉल, हॉलमध्ये चहाचं टेबल. बाकीच्या जोड्यांना तिथे गप्पा मारताना मी कितीदा तरी हटकलं आहे. या दोघांना एकदाही हटकावं लागलेलं नाही. तो चहाला आला की ही कप उचलून आत जाते. ही आली की तो खिडकीतून रस्ता बघतो. सहा महिन्यांत दोघांना एकमेकांशी बोलताना मी ऐकलेलं नाही. नियम पाळणं म्हणजे काय ते यांच्याकडून शिकावं. आणि नेमका आळ आला तो यांच्यावरच.

दोन किरकोळ नोंदी. पेन्सिलबाई सकाळी लवकर येते आणि मफलरच्या खुर्चीमागची खिडकी लावून घेते. तिला गारठा सोसत नसावा. पण ती बसते मागच्या खोलीत. असो. दुसरं, मागच्या खोलीतली ट्यूब लुकलुकत होती, ती मफलरने स्टुलावर चढून बदलली. तिला उठायला सांगितलं नाही, मलाही विचारलं नाही. त्याला अशा खटपटीची हौस दिसते.

घरी सासूबाईंना सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या.

"सहा महिने एका छपराखाली आणि एक शब्द नाही?" त्या म्हणाल्या.

"नियम आहे तसा."

"अगं, नियम कामाबद्दल बोलायचं नाही असा असेल. चहात साखर कमी पडली एवढं तरी माणूस बोलतंच की."

मी म्हटलं, शिस्तीची माणसं आहेत.

"एवढी शिस्त भांडल्याशिवाय येत नाही," असं म्हणून त्यांनी देठं गोळा केली आणि आत गेल्या. सासूबाईंना जिथे तिथे भांडणं दिसतात. मालिका बघून बघून झालंय तसं.

गुरुवार, ५ तारीख

आज कोडं निम्मं सुटलं. निम्मं आणखी अवघड झालं.

दोघांच्या सगळ्या चुका समोरासमोर मांडल्या. 'चवदार'चे दोघांनी चव आणि दार असे दोन तुकडे केले आहेत. बरोबर. 'धारदार'चे धार आणि दार. हेही बरोबर. आणि 'दुकानदार'? अख्खा. 'चौकीदार' अख्खा. 'भागीदार' अख्खा. बरं, 'दार' हा तुकडा यांना माहीत नाही म्हणावं तर वर तोच दोनदा बिनचूक काढलाय. त्याहून गंमत 'भागीदारी'ची. तिथे दोघांनीही शेवटचा ई तेवढा कापला आणि 'भागीदार' तसाच ठेवला. 'मूल्यवान' फोडला, 'गाडीवान' नाही.

आधी वाटलं, आळस. मग वाटलं, विसरभोळेपणा. पण आळस इतका नेमका नसतो. जेवणानंतर पुन्हा बसले आणि एकदम दिसलं. विणकर, पहारेकरी, कामगार, मालकीण, लेखिका, भाजीवाला. जो शब्द म्हणजे एखादा माणूस, त्याला दोघंही हात लावत नाहीत. वस्तू, गुण, सवयी, रोगराई, सगळ्यांचा फडशा पाडलाय. माणसं मात्र धडधाकट.

अगदी पहिल्या दिवसाच्या कामातही हेच. आणि दोघांना शब्द वेगवेगळ्या क्रमाने मिळतात, म्हणजे ज्याला कॉपी करायची त्याने दुसऱ्याचा ढीग रोज उपसायला हवा. ते या जागेत शक्य नाही. म्हणजे दोघांकडे एक नियम आहे आणि तो मी शिकवलेला नाही. आमच्या पुस्तिकेत नाही. माझ्या शिकण्याशिकवण्याच्या काळात कुठल्याही व्याकरणात वाचलेला नाही.

रागवायला हवं होतं. खरं सांगायचं तर मला मजा वाटली. असा नियम कोण करेल आणि कशासाठी, याचा विचार करत मी घरी येताना एक स्टॉप पुढे गेले.

शुक्रवार, ६ तारीख

दोघांना वेगवेगळं बोलावलं. आज मला मजा वाटली नाही.

मफलर आत आला तो खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाला, "मॅडम, कॉपी मी केली. मागच्या खोलीतल्या बाईंचा काही संबंध नाही."

"कशी केलीत?"

"त्या जेवायला गेल्या की त्यांचे कागद बघायचो."

"त्यांचे कागद कपाटात असतात. किल्ली माझ्याकडे असते."

तो मफलरची टोकं सारखी करत राहिला. "मग राहिलं असेल कधी उघडं."

"'दुकानदार' का नाही फोडलात?"

"त्यांनी फोडला नव्हता म्हणून."

"त्यांनी फोडला असता, तर तुम्ही फोडला असता?"

तो उठला. जाताना खुर्ची उचलून जागेवर ठेवली, सरकवली नाही. तसा नीटनेटका माणूस आहे.

दुपारी पेन्सिलबाई. तिनेही मला विचारायला वेळ दिला नाही.

"पुढच्या खोलीतले साहेब तुम्हाला काय म्हणाले मला माहीत नाही. पण केलं ते मी केलंय. त्यांच्या कॉम्प्युटरवर बघायचे मी."

जी बाई कॉम्प्युटरजवळून जाताना पदर सावरते, ती हे सांगत होती. मी विचारलं, त्यांचा पासवर्ड काय?

"आता आठवत नाही."

"नोकरी जाईल तुमची. घरी काय सांगाल?"

"बघू. मी कुठेतरी घरकाम, शिकवण्या काही तरी करेन. त्यांना या वयात कोण घेणार? मान पण धरलेली असते त्यांची थंडीत."

"त्यांच्या मानेचं तुम्हाला काय माहीत?"

"दिसतं ना, मॅडम. मफलर असतो."

दोन्ही कबुल्या खोट्या, आणि एकीचा दुसरीशी मेळ नाही. या जोडीचं पहिल्यांदाच काही जुळलं नाही. कबुली खोटी असली तरी कागदावर कबुलीच असते. दोन्हींपैकी कुठलीही वर पाठवली तर माझं काम संपतं. एकाला काढायचं, विषय मिटला. मी दोन्ही फाइलमध्ये ठेवल्या आणि फाइल ड्रॉवरमध्ये. मला वाईट वाटत होतं, आणि नेमकं कशाचं ते सांगता येत नव्हतं, याचा वैतागही येत होता.

रविवार, ८ तारीख

उद्या शेवटचा दिवस. एकच उपाय उरला आहे. नवे शब्द द्यायचे, जे कुणी पाहिलेले नाहीत, आणि दोघांना बंद खोल्यांत बसवायचं. तिथेही दोघांनी माणसं अख्खी ठेवली तर कॉपीचा प्रश्नच मिटला. मग तपासनीस बाईंना सांगता येईल की हा यांचा कुठला तरी जुना संस्कार आहे, चोरी नाही.

यादी करायला बसले तर डोक्यात तेच तेच शब्द येत राहिले. सासूबाईंना मदतीला घेतलं. त्यांना खेळ वाटला. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. माणसांमध्ये वस्तू आणि गुण मिसळले, म्हणजे संशय यायला नको. पुजारी, गोडवा, मोलकरीण, नक्षीदार, रंगारी, ताजेपणा, सोंगाड्या, गावकरी, थंडावा, कारागीर.

"तुझ्यासारखीला काय म्हणायचं? फोडणारी?" सासूबाईंनी विचारलं.

मी म्हटलं, निवाडा करणारी.

"मग नीट कर निवाडा. दोन संसारांचा प्रश्न आहे," त्या म्हणाल्या. हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही, पण घरात कुणी मोठ्याने बोललं की वेगळं वाटतं.

सोमवार, ९ तारीख

हे जसं घडलं तसं लिहून काढते, नाही तर उद्या मी त्याला नियमात बसवायला जाईन.

सकाळी मफलरला माझ्या केबिनमध्ये बसवलं आणि पेन्सिलबाईला सामानाच्या खोलीत. दोघांचे मोबाइल माझ्या पर्समध्ये. दोघांनाही कागद, दोघांनाही पेन्सिल. बसवताना मी प्रत्येकाला एक वाक्य बोलले आणि तीच माझी चूक झाली. मी म्हटलं, "आज तुमच्या चुका पुन्हा जुळल्या तर पुढचं माझ्या हातात नाही." मला काळजी घ्या असं सुचवायचं होतं. म्हणजे काय सुचवायचं होतं, देव जाणे.

कागद हातात आले. मी आधी त्याचा बघितला. पुजारी, रेघ. मोलकरीण, रेघ. सोंगाड्या, गावकरी, कारागीर, सगळ्यांवर रेघ. ज्या माणसाने सहा महिने एकाही माणसाला धक्का लावला नाही त्याने आज सगळी माणसं फोडली होती, आणि तीही पुस्तिकेबरहुकूम. मग तिचा कागद घेतला. तिनेही सगळी फोडली होती.

पुन्हा जुळलं. मी दोन्ही कागद शेजारी ठेवून किती वेळ बसले कोण जाणे. बरोबर उत्तरं जुळली, तर त्यातून कुणाचंच काही सिद्ध होत नाही. म्हणजे माझ्या परीक्षेचा बोऱ्या वाजला. तेवढ्यात नजर एका ओळीवर गेली. 'रंगारी'. त्याच्या कागदावर रेघ नाही. तिच्या कागदावरही रेघ नाही. तिच्या कागदावर तर पेन्सिल टेकवल्याचा ठिपका होता, नंतर खोडलेला.

मी दोघांना एकदम केबिनमध्ये बोलावलं. सहा महिन्यांत एका टेबलाशी दोघं पहिल्यांदाच. कागद उलटे करून समोर ठेवले, तिचा त्याच्यापुढे, त्याचा तिच्यापुढे. मग सुलटे केले.

दोघांनी वाचलं. 

"तू का फोडलेस?" पेन्सिलबाई म्हणाली. 'तू' ऐकून मी पेन खाली ठेवलं.

"तू फोडणार नाहीस असं वाटलं," मफलर म्हणाला. "मी फोडले तर जुळणार नाही. तू सुटशील."

"मीही तेच केलं."

"दिसतंय."

मी विचारलं, तुम्ही एकमेकांचे कोण? आता लिहिताना हा प्रश्न मला बावळट वाटतो. सासूबाई असत्या तर त्यांनी विचारलाही नसता.

"माझी धाकटी बहीण," मफलर म्हणाला. ती खिडकीकडे बघत होती.

पुढचं थोडं त्याने सांगितलं, थोडं तिने. त्यांचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. गल्लीत त्यांना कुणी नावाने ओळखत नव्हतं, रंगारी म्हणायचे. पाटी अरुंद असली की लांब शब्द दोन ओळींत घ्यावा लागतो. कुठे मोडायचा ते वडील ठरवायचे. मोडला तर वरच्या ओळीलाही अर्थ राहिला पाहिजे आणि खालच्याही. ही दोघं लहानपणी दोऱ्याला खडू लावून दोन टोकं धरायची, वडील दोरा ताणून सोडायचे, पाटीवर सरळ रेघ उमटायची. शब्द कुठे फुटतो हे दोघं तिथे शिकली. आणि वडिलांचा एक नियम होता. माणसाचे दोन तुकडे करायचे नाहीत. शिंपी असो, दुकानदार असो, माणूस एका ओळीत बसला पाहिजे. जागा नसेल तर अक्षर बारीक करा.

"आणि मग?" मी विचारलं, कारण दोघंही तिथेच थांबली होती.

"मग मी प्लास्टिकची अक्षरं कापायचं मशीन घेतलं," तो म्हणाला. "आमच्याच दुकानासमोर गाळा मिळाला."

"बाबांच्या समोर," ती म्हणाली.

"हो. समोर. हाताने पाटी कोण करून घेणार होतं तेव्हा? घर त्या मशीनवर चाललं. तुझं लग्नसुद्धा."

"मी नव्हते म्हणाले माझं लग्न लावून दे म्हणून." तिने पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं. "तू सकाळी लवकर जायचास, तुला माहीत नाही. बाबा रोज ब्रश धुवायचे. काम नसायचं. कोरडेच ब्रश घासत बसायचे आणि समोर तुझ्या दुकानाकडे बघायचे. मी विचारलं तर म्हणायचे, त्याचं बघ, अक्षर सरळ येतंय."

 त्याने गळ्यातला मफलर सोडून मांडीवर घेतला आणि त्याची घडी घालत राहिला. वडील गेल्यापासून दोघं बोलत नव्हती. नोकरीच्या पहिल्या दिवशी या हॉलमध्ये एकमेकांसमोर आली. दोघांनाही काम हवं होतं. म्हणून दोघांनी ओळख दाखवली नाही आणि कुणी नोकरीही सोडली नाही. आणि त्या न बोलण्याला मी सहा महिने शिस्त म्हणत होते.

मी त्यांना बाहेर पाठवलं आणि अहवाल लिहिला. दोन्ही कबुल्या फाडून टाकल्या. हे नियमात बसत नाही. मी फाडल्या.

गुरुवार, १२ तारीख

तपासनीस बाईंचं उत्तर आलं. बाई कोरड्या आहेत, पण वाईट नाहीत. कॉपी झालेली नाही हे मान्य. दोघांनाही ठेवा. मात्र नातेवाईक एका जोडीत चालणार नाहीत, तेव्हा जोड्या बदला. आणि सहा महिन्यांत जेवढे माणसांचे शब्द अख्खे राहिले तेवढे २६ तारखेपर्यंत पुस्तिकेप्रमाणे फोडून पाठवा. ते काम या दोघांनीच करायचं, एकत्र बसून, तुमच्या देखरेखीखाली. एवढं झालं तर प्रकरण बंद. नाही झालं तर दोघांना काढायचं हे कायम.

दोघांना वाचून दाखवलं. नोकरी टिकली म्हणून ती हसतील असं मला वाटलं होतं. पेन्सिलबाईने फक्त विचारलं, "सगळे?" मी म्हटलं, सगळे. 'रंगारी'सुद्धा, कारण मी तो यादीत घातला आणि आता तो नोंदीत आहे. मला वाटलं, हे सांगायची घाई करायला नको होती.

बुधवार, १८ तारीख

हॉलमधलं चहाचं टेबल त्यांना दिलं आहे. मी कोपऱ्यात माझं काम घेऊन बसते. काम धिम्या गतीने चाललंय. तो कागद पुढे करतो, ती वाचते, एक जण रेघ मारतो. बोलणं कामापुरतं. "इथे?" "हं." "हा 'ईण' वेगळा." "माहितीये."

काल मात्र 'सोंगाड्या'वर दोघं एकदम हसली. का ते मला कळलं नाही. बहुधा गल्लीतल्या कुणाची तरी आठवण असावी. मी मान वर केली तर पुन्हा गप्प.

सासूबाई रोज विचारतात, बोलतात का? मी सांगते, कामापुरतं. तर म्हणतात, मग ठीक चाललंय.

गुरुवार, २६ तारीख

काम संपलं.

दुपारपर्यंत सगळे कागद झाले आणि एक उरला. तो रोज ढिगाच्या तळाशी जात होता हे मी बघत होते. दोघं तो एकमेकांकडे सरकवत नव्हती, नुसता मध्ये ठेवून बसली होती. मफलरच्या हातात पेन्सिल होती. तीनदा टेकवली आणि उचलली. आज हा कागद वर गेला नाही तर मला दोघांची नावं पाठवावी लागणार होती, आणि तसं सांगायला मी तोंड उघडलंही होतं.

"मॅडम, एवढा एक तुम्ही फोडता का?" तो मला म्हणाला.

मी उत्तर द्यायच्या आत पेन्सिलबाईने कागद ओढला. मला वाटलं, ती घेऊन उठणार. तिने कागदाची दोन्ही टोकं दोन हातांनी धरली, टेबलावर ताठ ताणली आणि त्याच्यापुढे केली.

"फोड, दादा," ती म्हणाली. "मी धरलंय."

त्याने रेघ मारली. पट्टीशिवाय, एका दमात, वरपासून खालपर्यंत सरळ. रंग एकीकडे, आरी एकीकडे. मग पेन्सिल ठेवली आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. तिने कागद सोडला नाही. तसाच ताणून धरून ती रडत होती.

प्रत्येक कागदावर तिथल्या तिथे माझी सही व्हायला हवी असा नियम आहे. मी हॉलचं दार ओढून घेतलं आणि बाहेर जाऊन उभी राहिले.